बॅशवर चालणारं बियाण्याचं दुकान

परभणीत बियाण्याचं दुकान लिनक्सवर चालवायचं म्हटलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाइकंच आणून देतात. आमच्या कॉम्प्युटरवर चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा, त्यावर मी टाइप केलेली कमांड, आणि ती मशीनला समजावून सांगणारा शेल. कुठल्या क्लासला न जाता शिकलोय, तेव्हा सोडायचा सवालच नाही.

धाकट्या भावाला, दत्ताला, हे पसंत नाही. पेरणीच्या तोंडावर त्यानं बजावलं, "दादा, ह्या डब्यापायी एक जरी गिऱ्हाईक रिकामं गेलं, तर हा भंगारात."

"जाऊ दे," म्हटलं. "आधी गिऱ्हाईक तर जाऊ दे."

*

शेलही एक नसतो. माझा बॅश, साधा. शेजारी मोबाईल दुरुस्त करणारे रफिकभाई झेडशेलवाले. त्यांच्या पडद्यावर रंगच रंग.

"शेठ, तुमचं लय सुनं दिसायलंय."

"भाई, मी बियाणं विकतो, रांगोळी न्हाई."

*

पोरगी मुक्ता फिशवाली. त्या शेलात दोन अक्षरं टाइप केली, की पुढचं तोच फिकट अक्षरांत सुचवतो.

"बाबा, वापरून तर बघा."

"सल्ला द्यायला आपल्याकडं दत्ता हाय की."

दत्ता मागंच उभा होता. चहा अर्धा ठेवून गेला.

*

कमांडला हवं ते नाव देता येतं. मी साठ्याला 'बघ' ठेवलंय, बिलाला 'दे'. सॉफ्टवेअर विकायला आलेला एक टायवाला हसला. "काका, असं कुठं असतं का?"

"इथं असतं."

*

आणि मग ऐन पेरणीच्या गर्दीत मॉनिटर गेला. कॉम्प्युटर चालू, पडदा ठार बंद. दत्ता माझ्याकडं बघत म्हणाला, "झालं. आता काय सांगायचं लोकाला?"

सगळ्यात पुढं पालमचे एक आजोबा. "बिल द्या बाबा, माझी एस्टी जाईल. न्हाईतर दुसरीकडून घेतो."

मी दत्ताकडं बघितलं नाही. कीबोर्डवर बोटं ठेवली. दे, सोयाबीनचं वाण, आजोबांचं नाव, दोन बॅगा. एंटर. सगळं दुकान त्या बंद काचेकडं बघत होतं.

खालून प्रिंटर करकरला.

आजोबांनी बिल डोळ्यांजवळ नेलं. नाव बरोबर, वाण बरोबर, बॅगा बरोबर. घडी घालून खिशात टाकलं, एक बॅग खांद्यावर घेतली, दुसरी दत्ताच्या हातात दिली आणि काचेवर बोट आपटून विचारलं,

"मंग हे कशाला ठिवलंय?"