दोन गोत्रांचा संकल्प

आक्का पुढचे शब्द उच्चारेनात. सर्वपित्री अमावास्या होती. कणकुंबीजवळच्या एका देवस्थानात तर्पणासाठी रांग लागली होती आणि गुरुजींच्या टॅबवर संकल्प तयार होता. तो तयार करणारे सॉफ्टवेअर आमचे होते.

"हे गोत्र माझ्या सासरचं हाय," आक्का म्हणाल्या. "माझ्या आप्पांचं न्हाय."

बाई निपाणीकडच्या. त्यांना भाऊ नव्हता. मुलीने बापाचे तर्पण करू नये म्हणून भाऊबंदांनी त्यांना अडवले होते. शेवटी त्या एकट्याच बस धरून आल्या होत्या.

पाठशाळेत वेदपठण शिकून मी पुढे संगणकाच्या व्यवसायात आलो. निवृत्तीनंतरही बेळगावातील एका लहान कंपनीत सल्लागार म्हणून जातो. गर्दीत कोणाचे नाव-गोत्र चुकू नये, या भावनेने हे काम पत्करले होते. प्रोग्राम उचगावच्या गौरीने लिहिला होता. ती लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारीच बसली होती.

गुरुजी नोंदीची चिठ्ठी पाहत म्हणाले, "वडिलांचं भारद्वाज ना? मी तोंडी म्हणतो, चला."

"माझं हुईल वो गुरुजी. पर माझ्या म्होरं रांगेत दोघी लेकी हुत्या. त्यांच्या बापांचं काय?"

गुरुजींनी टॅब माझ्या हाती दिला. मी गौरीला कोड उघडायला सांगितले.

क्लास म्हणजे साचा. आमच्या प्रोग्राममध्ये 'व्यक्ती' नावाचा क्लास होता. त्यातून घडलेला प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे एक इन्स्टन्स: आक्का एक, त्यांचे आप्पा दुसरे. इन्स्टन्स मेथड ही क्लासमध्ये एकदाच लिहिलेली कृती असते; ज्या ऑब्जेक्टवर ती चालवावी, त्याचीच माहिती घेऊन ती काम करते. संकल्पात सारे यजमान 'मम' म्हणतात, पण प्रत्येकाचे 'मम' त्याचे स्वतःचे असते. प्रोग्राममध्ये ते काम 'सेल्फ' करतो.

गौरीची मेथड निर्दोष होती. नाव तिने प्रत्येक ऑब्जेक्टपाशी ठेवले होते. गोत्र मात्र क्लासवर, म्हणजे सर्वांच्या सामाईक जागेत. तेथे आधी पित्याचे गोत्र जाई आणि मग तर्पण करणाऱ्याचे येऊन ते पुसून टाकी. ऑब्जेक्टपाशी गोत्र सापडले नाही की मेथड सामाईक जागेतले उचली. मुलगा बसला तर काही बिघडत नसे, कारण बापलेकांचे गोत्र एकच. विवाहित मुलगी बसली की पित्याला जावयाचे गोत्र लागे.

"चाचणीला नावे कोणाची घेतली होतीस?" मी विचारले.

"आमच्या उचगावच्या भाऊबंदांची, सर. सगळे बाप-लेकच."

आक्का ऐकत होत्या. "उचगावात पोरींना बाप नसतोय व्हय गं?"

गौरीची मान खाली गेली, डोळे भरले. मग आक्कांनीच पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. "पी आधी. मग कर दुरुस्त. रडत बसलीस तर आणि कुणाचं तरी चुकवशील."

गौरीने गोत्र क्लासवरून काढून प्रत्येक ऑब्जेक्टच्या सेल्फला जोडले. बदल थोडाच होता. या वेळी चाचणीला तिने तर्पण करणारी म्हणून आपल्या विवाहित बहिणीचे आणि पितर म्हणून आपल्या दिवंगत काकांचे नाव घातले. काकांचे गोत्र माहेरचे आले, बहिणीचे सासरचे.

देवस्थानाचे व्यवस्थापक कुरकुरले. झालेल्यांना परत कशाला बोलावता, देव समजून घेतो, असे त्यांचे म्हणणे.

मी म्हणालो, "देव घेईल हो. उच्चार मात्र त्याने आपल्यावर सोपवला आहे."

दोघींपैकी एक प्रसादाच्या पंक्तीत बसण्याच्या बेतात होती. दुसरी खानापूरच्या बसमध्ये चढत होती. गौरी धावत जाऊन तिला घेऊन आली. तर्पणाची अपराह्णाची वेळ सरत चालली होती, तरी आक्कांनी आपली पाळी त्यांना दिली. सर्वांत शेवटी त्या बसल्या. भारद्वाज गोत्र आणि आप्पांचे नाव त्यांनी स्वतः टॅबवर वाचले, मग गुरुजींमागून सावकाश म्हटले आणि तिळाचे पाणी सोडले.

"आता पोचलं," एवढेच त्या बोलल्या.

चाचणीची नावे आपल्याच भावकीतली घ्यायची नाहीत, हा नियम आम्ही त्यानंतर केला. आक्कांचे ऋण मी आजही मनोमन मानतो. त्यांनी केवळ आपल्यापुरते तोंडी भागवून घेतले असते, तर आमचा प्रोग्राम अजूनही बिनचूक म्हणून चालत राहिला असता.