डोंग्याला सांगितलेलं

फोन ह्यांच्या खिशात वाजला तेव्हा मी अंगणात तेंदूपानांचे पुडके बांधत होते. हे नुसतं “हो… हो…” म्हणत राहिले, मग भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, “दादा गेला.” चंद्रपूरच्या दवाखान्यातून पुतण्याचा, प्रमोदचा, फोन होता. शेजारच्या बायका धावत आल्या, रडणं सुरू झालं. माझ्या हातात अर्धा बांधलेला पुडका तसाच होता. तेव्हा माझ्या मनात जे पहिलं आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, डोंगा अजून पाण्याखाली आहे… त्याला आता कोण सांगेल?

ते माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही. समोर आले की डोईवर पदर घ्यायचा, वाटेत दिसले की बाजूला व्हायचं. त्यांच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही, नाव घ्यायचं नाही. इथं लिहितानाही ते नाव हातून उतरत नाही. एका अंगणात, समोरासमोरच्या दोन घरांत आम्ही सारा जन्म काढला आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तरी आमचं बोलणं खूप झालं. ते कसं, हे सांगायचं तर डोंग्यापासून सांगावं लागतं.

आमचं घर चंद्रपूर जिल्ह्यात आणि वावर गडचिरोली जिल्ह्यात, मध्ये वैनगंगा. सासऱ्यांच्या बांधावर एक जुना आंबा होता. तो फळायचा थांबला तेव्हा भासऱ्यांनी त्याचं खोड कोरून डोंगा, म्हणजे लहानशी होडी, केला. एका खोडाचा, सांधा नाही, खिळा नाही. आत बसलं की दोन्ही हात दोन्ही काठांना लागत, एवढाच तो रुंद. भाड्यानं कुणाला दिला नाही, मासे धरायला नेला नाही. तो फक्त आम्हाला वावरात न्यायचा आणि परत आणायचा. ह्यांना पाण्यावर बसलं की भोवळ यायची, म्हणून हे ट्रॅक्टरवर राहिले आणि वावराचं काम भासऱ्यांकडे, जाऊबाईंकडे आणि माझ्याकडे आलं. भासरे मागे बसून वल्हे मारायचे, मी पुढे नदीकडे तोंड करून बसायची आणि मध्ये जाऊबाई. त्यांना काही सांगायचं असलं की ते जाऊबाईंना म्हणायचे, “तिले म्हनावं, उजव्या अंगानं झुकू नको.” जाऊबाई हसायच्या. “आयकलं काय वं? का मी अजून एकदा सांगू?” मी मान हलवायची. असं आमचं चालायचं.

मग जाऊबाई गेल्या. प्रमोद तेव्हा शाळेत होता. दिवस झाल्यावर रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाणं भागच होतं, धान काही थांबत नाही. मी पुढे बसले, ते मागे, आणि मध्ये कुणीच नाही. त्या रिकाम्या जागेचा भार मला पाठीवर जाणवत होता. नदीच्या मधोमध आलो तर माझ्या पायाशी पाणी भरायला लागलेलं. माझं लक्षच नव्हतं. त्यांना दिसत होतं, पण सांगणार कुणाकरवी? वल्ह्याचा आवाज थांबला… मग मागून आवाज आला, “डोंग्या, तुया पोटात पानी भरून राह्यलं ना बे. डबा तुया नाकापाशीच हाये. उपसून टाक नाईतं बुडशीन, अन् माये बैल उपाशी मरतीन.” मी डबा उचलला आणि पाणी उपसायला लागले. पदराआड मला हसू आलं होतं. किती दिवसांनी आलं होतं ते.

त्या दिवसापासून डोंगा आमच्यातला माणूस झाला. पावसाची लक्षणं असली तर ते म्हणत, “डोंग्या, आज लवकर निघा लागते.” वरच्या बांधीत, धानाच्या खाचरात, साप निघाला होता तर, “डोंग्या, खालच्या बांधीनं जाजो.” मी नुसती ऐकायची. एक दिवस त्यांनी विचारलं, “डोंग्या, आज भाजी कायची हाये?” अर्धी नदी सरली. मी पाण्याकडे पाहत हळूच म्हणाले, “डोंग्या, अंबाडीची.” मागून उत्तर आलं, “काल बी अंबाडीचीच होती ना बे, डोंग्या!” ह्यांच्या कानावर हे कुठून तरी गेलं. रात्री जेवताना मला म्हणाले, “काय वं, तू लाकडासंग बोलत असते म्हने?” मी म्हटलं, “लाकूड बरोबर उत्तर देते.”

घरी मात्र तसं काही नाही. अंगणात ते दिसले की माझा पदर डोईवर, तोंडाला कुलूप. नदी उतरली की बोलणं संपायचं आणि दुसऱ्या दिवशी डोंग्यात पाय ठेवला की तिथूनच पुढे सुरू व्हायचं. निघण्याआधी ते बोटाच्या पेरांनी डोंग्याच्या काठावर दोनदा वाजवायचे, टक टक. म्हणजे बस, आता लोटतो. तो आवाज झाला की मी दोन्ही काठ धरायची. मागे वळून मी कधी पाहिलं नाही. वळले असते तर बोलणं तिथंच थांबलं असतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही असावं.

एका वर्षी माझं मूल पोटात टिकलं नाही. घरात कुणी काही बोललं नाही, मीही नाही. आठ-पंधरा दिवसांनी मी पुन्हा वावरात जायला निघाले. धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मधोमध वल्हे थांबलं. डोंगा आपोआप हळूहळू खाली वाहायला लागला. मला वाटलं काही अडकलं. मग ते म्हणाले, “डोंग्या, लय भार झाला काय तुले? … सांडून टाक. नदी मोठी हाये.” एवढंच बोलले. मी रडले. किती वेळ कोण जाणे. पाण्याचा आवाज, धुकं आणि कुठंतरी पाणकोंबडी ओरडत होती. आम्ही वाहत वाहत आमच्या वावराच्या पार खाली गेलो होतो. मग काठावर टक टक झालं आणि वल्हे सुरू झालं. प्रवाहाविरुद्ध परत यायला त्यांना त्या दिवशी किती जोर लागला असेल, हे मला आता कळतं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम उन्हाळ्याचं. होळी झाली की नदी आटते, पायी जाता येतं, डोंग्याचं काम नसतं. लोकांना वाटतं, काम नाही तर डोंगा बाहेर काढून सावलीत ठेवावा. पण हवेत लाकूड सुकतं आणि फाटतं. म्हणून डोंगा बुडवून ठेवायचा. जांभळाच्या झाडाखाली डोह आहे, तिथं नेऊन आत गोटे भरायचे, एका अंगाला कलवायचा आणि पाणी आत घ्यायचं. बुडबुडे येत येत तो खाली जाऊन बसतो, म्हशीसारखा. मिरगाच्या आधी, नदी फुगायच्या आत, पुन्हा वर काढायचा. उशीर झाला तर पहिला पूर गाळ भरून त्याला गाडून टाकतो, नाहीतर ओढून नेतो.

एका उन्हाळ्यात ते सिंदेवाहीकडे सोयरिकीला गेले होते. डोंगा पाण्यात सडेल म्हणून ह्यांनीच चार माणसं लावून तो वर काढला, धुतला, जांभळाखाली पालथा घातला. मायेनंच केलं होतं. भासरे परत आले तेव्हा बोट जाईल एवढी फट पडली होती. ह्यांची मान खाली. भासरे रागावले नाहीत. डोंग्यावर हात फिरवून म्हणाले, “डोंग्या, तुयावर लोकायनं मया केली, म्हून फाटला बे तू.” मग डांबर तापवलं. फटीत ठासायला जुनं सुती कापड हवं होतं, ते इकडे तिकडे पाहत होते. मी घरात गेले आणि पेटीतून जाऊबाईंचं जुनं हिरवं लुगडं आणून दगडावर ठेवलं. त्यांनी ते उचलून मांडीवर घेतलं. मग त्यांनी त्याची पट्टी फाडली आणि ती डांबरात बुडवून फटीत बसवली. फट बरोबर मध्ये होती. जाऊबाई बसायच्या तिथंच.

या वर्षी होळीनंतर डोंगा बुडवायला गेलो तेव्हा ते बारीक झाले होते, गोटा उचलताना थांबत होते. आता खाली पूल झाला आहे. ट्रॅक्टर घेऊन हे वावरात जातात, डोंग्याची कुणाला गरज नाही. तरी ते मला घेऊन गेले. आणि त्या दिवशी ते डोंग्याशी इतकं बोलले, जितकं वर्षभरात बोलत नसत. “डोंग्या, निघतेवेळी शेपटाकडचे गोटे पयले काढाचे. मंग नाकाकडचे. मधले शेवटी. मधले आधी काढले तं तुयी जुनी फट उघडन. मंग हलवाचं, जोरानं नाई, पाळन्यावानी. वर आला का लगेच उनात नाई जाचं. धानाचं ओलं तनीस टाकून सावलीतच राहाचं. समजलं काय बे?” मी काठावर उभी होते. मला वाटलं, म्हातारपणी बोलणं वाढलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी डोंग्याला कधी सांगितलं नव्हतं. डोंग्याला ते माहीतच होतं.

पुढे ताप सुरू झाला. प्रमोद भद्रावतीला कारखान्यात कामाला आहे, तो गाडी घेऊन आला. त्यांना चंद्रपूरला न्यायच्या आधी सपरीत, घरापुढच्या ओसरीत, बाजेवर ठेवलं होतं. सगळे होते. मी दारात, डोईवर पदर. त्यांना काही सांगायचं होतं असं दिसत होतं, मलाही होतं. पण तिथं डोंगा नव्हता… त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छपराकडे पाहत त्यांनी बाजेच्या लाकडावर दोनदा पेरं वाजवली. टक टक. मी उभी होते तिथंच खाली बसले. बायका म्हणाल्या, “चक्कर आली काय वं तुले?” मग त्यांना गाडीत घातलं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सपरीत भांड्याकुंड्याचं, बैलांचं बोलणं चाललं होतं. कुणीतरी डोंग्याचं काढलं. प्रमोद म्हणाला, “काका, राहू द्या तो पान्यातच. पूल झाला, आता कोन बसते डोंग्यात?” हे म्हणाले, “व्हय, ज्याचा होता तो गेला. नदी नेईन त्याले.” मिरग तोंडावर आला होता. मला चार माणसांत बोलायची सवय नाही, अजूनही नाही. तरी मी दारातूनच म्हटलं, “मी बसते.”

सगळे वळून पाहायला लागले.

“काकू, तुमाले वल्हे मारता येते काय?” प्रमोदनं विचारलं.

“नाई.”

“मंग?”

“बसता येते,” मी म्हटलं. “तो काढा लागते. मिरगाच्या आंधी.”

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि प्रमोद डोहात उतरले. ह्यांना कमरेएवढ्या पाण्यातही भोवळ येते, तरी उतरले. पाण्यात वाकून ह्यांनी पहिला हात घातला तो मधल्या गोट्यांना. माझ्या तोंडून निघालं, “डोंग्या, शेपटाकडचे पयले!”

हे वर पाहून म्हणाले, “अवं, मी इथी उभा हावो. मले सांग ना.”

पण मला ते तसंच सांगता येत होतं. “डोंग्या, शेपटाकडचे पयले. मंग नाकाकडचे. मधले शेवटी.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि शेपटाकडे सरकले. पाळण्यासारखा हलवायला सांगितला, तसा दोघांनी हलवला. आधी नाक वर आलं, काळं, शेवाळलेलं. मग हळूहळू सगळा डोंगा वर आला आणि आतलं पाणी दोन्ही अंगांनी सांडत राहिलं. मी चपला काढून पाण्यात उतरले आणि मध्ये हात लावून पाहिलं. पट्टी जागेवर होती. डांबराच्या कडेनं एक हिरवा धागा दिसत होता.

आता तो जांभळाला दोर बांधून सावलीत तरंगतो. वल्हे प्रमोद घेऊन गेला, वडिलांची आठवण म्हणून. मला ते नकोच होतं. मिरगाचा पाऊस पडून गेला की आत पाणी साचतं, मी डब्यानं उपसते. उपसलं की मी माझ्या जागेवर, नदीकडे तोंड करून बसते. पण त्याआधी काठावर पेरं वाजवते, दोनदा. नाहीतर बसवत नाही. दोराएवढाच डोंगा पुढे जातो आणि परत येतो. मी त्याला सांगते, डोंग्या, खालच्या बांधीत धानाचे पऱ्हे टाकले. डोंग्या, लाल्या बैल अजून नीट खात नाही. डोंग्या, आज अंबाडीच आहे. पाणी काठाला लागून आवाज होतो. हे वरून हाका मारतात, तरी मी जरा वेळ बसून राहते. उत्तर तेव्हाही मागूनच यायचं, आणि मी कधी वळून पाहिलं नव्हतं.

आताही पाहत नाही.