बिनफोडणीचं जेवण

अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांचं बोलणं गेलं, गिळणंही गेलं. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. आधी डब्यातली पावडर पाण्यात कालवून दिली. तिने जुलाब लागले, वजन उतरलं, पाठीवर जखम झाली. वजन वाढल्याशिवाय ती भरणार नव्हती. तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी घरच्या अन्नाला परवानगी दिली. भात, मुगाची डाळ, गाजर मऊ शिजवायचं, चमचाभर तेल घालून मिक्सरमधून काढायचं, गाळायचं आणि मोठ्या सिरिंजने सावकाश सोडायचं. नळी बुजली तर पुन्हा पावडर, हेही त्यांनी बजावलं.

सावेडीतल्या आमच्या फ्लॅटवर भेटायला येणाऱ्यांना एवढा विषय पुरला. ज्याच्या जिभेला जेवण लागतच नव्हतं, त्याच्या चवीची काळजी सगळ्यांना पडली. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी सिरिंजकडे निरखून पाहिलं. "मीठ बरोबर आहे ना? चाखून बघितलंत?" एका मावसभावाने मटणाचं अळणी पाणी पाजायला सांगितलं.

"पाजणार कसं?" आईने विचारलं.

"पाजायचं म्हणजे... सोडायचं."

मग शेवगावहून आत्या आली, वडिलांची थोरली बहीण. तिने पातेल्यातलं पिवळट पातळ जेवण पळीने ढवळलं.

"वैनी, ह्याला फोडनी कुठंय?"

"वन्सं, नळीतून जातं ते. चव लागत नाही त्यांना."

"चवीचं कोन बोलतंय? बिगर फोडनीचं सुतकात खात्यात. माझा भाऊ जित्ता हाय."

घरात तीन पदवीधर होते. तिघांनी मिळून जेवण गाळलं आणि बिनफोडणीचंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेली, तेव्हा आत्याने गाळून ठेवलेल्या जेवणावर मोहरी-जिऱ्याची फोडणी ओतली. चर्र आवाज झाला, घरभर वास सुटला आणि सगळ्यांना बरंही वाटलं. आई बाहेर आली, फोडणी भाजीची समजली आणि तिने सिरिंज लावली. थोडं आत गेलं, मग दट्ट्या हलेना. कोमट पाणी सोडून पाहिलं, उपयोग झाला नाही. वडिलांना घेऊन दवाखाना गाठावा लागला.

डॉक्टरांनी नळी बदलली. जुनीतून निघालेले काळे दाणे ट्रेमध्ये ठेवले.

"हे काय आहे?"

"मव्हरी," आत्या म्हणाली. "जिरं बी आसंल."

"नळीत? कशासाठी?"

"फोडनी दिल्ती."

डॉक्टर इथलेच होते. फोडणी का, हे त्यांना कळलं. घरचं जेवण बंद, असं मात्र स्पष्ट सांगितलं. नर्सने पावडर कालवून आणली. वडिलांनी चालणाऱ्या डाव्या हाताने नळीचं तोंड मुठीत धरलं. नर्सने बोटं सोडवली, त्यांनी पुन्हा आवळली. झटक्यानंतर घरातल्या चर्चेत त्यांनी घेतलेला हा पहिलाच भाग होता.

आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी तोडगा काढला: जेवणात तेल घालायचंच आहे, तर त्यात मोहरी-जिरं तडतडू द्या, निववा, फडक्याने गाळा आणि तेवढं तेलच घाला. एक दाणा सापडला तरी पावडर. डॉक्टरांनी नाराजीने मान हलवली. वडिलांची मूठ सुटली.

त्या दिवसापासून तेल आत्याच गाळते. फडकं उजेडात धरून बघते, पुन्हा गाळते. जखम आता कडेने भरू लागली आहे. प्राध्यापक परवा विचारत होते, हिंग घातला का.

"तुमी गप बसा," आत्या म्हणाली. "नळी बुजंल."