भुताचं मूळ शोधणाऱ्या शमाताई

शमाताईंच्या यजमानांचा, गिरीशरावांचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "शमा गेली रे..." एवढंच म्हणाले. कोरोनाच्या निर्बंधांमुळे अंत्यविधीला मोजकीच माणसं. डब्लिनच्या या उपनगरातले आम्ही बाकीचे ॲडम्सटाउनकर, इथल्या रीतीप्रमाणे, रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. गाडी समोरून गेली तेव्हा हात जोडले. शेजारच्या आयरिश म्हाताऱ्याने टोपी काढली, आणि मला रडू फुटलं.

शमाताई जवळच्या क्लोनडॉकिन भागातल्या एका लॅबमध्ये रसायनशास्त्रज्ञ. पण त्यांचा जीव अडकलेला व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या भयकथांत. २०२०च्या लॉकडाउनमध्ये दर शनिवारी त्या आम्हां मराठी मंडळींना झूमवर एकेक कथा वाचून दाखवायच्या. ऐन रंगात थांबायच्या. "नेमकी कशाची भीती वाटतेय, सांगा बघू!" आम्ही म्हणायचो, भुताची. "छट्! भूत निमित्तमात्र." मग सुरू व्हायच्या... माणूस माकडाच्या कुळातला, असं नवं शास्त्र सांगू लागलं, म्हणून कथेतल्या सभ्य गृहस्थाच्या आत जनावर दडलेलं. चारचौघांत मनातली इच्छा बोलायची सोय नव्हती, बायकांना तर नाहीच. मग ती कथेत सुळे घेऊन यायची. डॉक्टर एकाचं रक्त दुसऱ्याला देऊन बघत होते आणि रक्तगट कुणालाच ठाऊक नव्हते. एखादा जगायचा, एखादा मरायचा. "मग रक्त पिणारी भुतं सुचणार नाहीत तर काय?" मी वैतागायचो, "ताई, भुताला भूत राहू द्या की!" त्या खळखळून हसायच्या. एवढी हुशार बाई, पण कुणाला कमी लेखलं नाही कधी.

मग त्यांनाच रक्ताचा कॅन्सर झाला. भेटायला बंदी, म्हणून फोन. "अरे, आता रक्तपिपासू मीच! कुणा अनोळखी माणसाच्या रक्तावर तुझ्याशी गप्पा मारतेय. केवढी मजल मारली रे माणसाने!" मग म्हणाल्या, "तू देशील एकदा?" मी सहा फुटी गडी, पण सुई दिसली की पाय लटपटतात, हे त्यांना पक्कं माहीत. तरी "देतो" म्हणालो. त्यानंतर आठवडाभरात त्या गेल्या.

परवा गेलो रक्तदानाला. तपासण्या पार पडल्या, खुर्चीत बसलो आणि दरदरून घाम फुटला. "यू आर ग्रँड," नर्स म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'सगळं ठीक आहे'. कसलं ग्रँड! डोळे मिटले, तर ताईंचा तोच शनिवारचा प्रश्न. नेमकी कशाची भीती वाटतेय?

"सुईची नाही, ताई," मी मराठीतच पुटपुटलो. "तुम्ही सांगितलेलं हे शेवटचं काम. ते आज संपेल, त्याची वाटतेय."

नर्स थांबली होती. मी हात पुढे केला.