चौथ्या महिन्यातला जबाब

दिंडोरीला मावसबहिणीचं डोहाळजेवण होतं. मलाही चौथा महिना चालू होता, त्यामुळे ओटी माझीही भरली गेली. परत येताना गाडीतच ओटीपोटात कळा सुरू झाल्या आणि सीट ओली झाली. नवऱ्यानं गाडी थेट नाशिकला, घराजवळच्या दवाखान्यात आणली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भ पडून गेला होता. हे सांगताना त्यांचा आवाज खरंच मऊ होता. मग त्यांनी विचारलं, "पहिलं अपत्य?"

"मुलगी. पाच वर्षांची."

"हं," त्या म्हणाल्या, आणि मी पेशंटची संशयित झाले.

"गोळ्या कुठून घेतल्या?"

"कसल्या गोळ्या?"

"हे बघा, आम्हाला कळवावं लागतं."

त्यांनी कर्तव्यदक्षतेनं कळवलं. मला सलाईनची सुई लागते न लागते तोच एक महिला पोलीस हजर झाली. आमच्या सोसायटीत चोरी झाली होती तेव्हा पोलीस दुसऱ्या दिवशी दुपारी आले होते. इथे मात्र चोरी माझ्याच पोटातली होती, आणि चोरही मीच.

"ताई, रागावू नका, विचारावं लागतं," ती म्हणाली. "सोनोग्राफी कुठं केली?"

"इथंच. वरच्या मजल्यावर."

"पोटात काय आहे ते कळलं होतं का?"

"हो. बाळ आहे, एवढं कळलं होतं."

तिनं मान खाली घातली. हळूच म्हणाली, "माझंही गेलंय एक. बंदोबस्तात उभी होते." मला वाटलं, आता ही जाईल. पण तिनं विचारलं, "जड काही उचललं होतं का? पपई खाल्ली?"

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांना बाजूला घेण्याचीही तसदी कोणी घेतली नाही; माझ्या उशाशीच प्रश्न झाला, "मुलासाठी तुमचा दबाव होता का?"

"होता की!" सासूबाई कडाडल्या. "नातू हवाच होता मला. नातवासाठी वर्षभर गुरुवार धरलेत. यंदा नातूच, म्हणून सगळ्या नातेवाईकांना सांगून बसले होते. आणि मीच गोळ्या देईन होय तिला? डोकं फिरलंय का माझं?"

पोलीसताईंना हे एकदम पटलं. मी शिकलेली बाई शपथेवर सांगत होते ते खोटं, आणि सासूबाईंची नातवाची हाव हा पुरावा! लग्नापासून सासूबाईंनी मला ऐकवलेलं सगळं त्या दिवशी माझ्या बाजूनं उभं राहिलं. आभार कसे मानावेत ते अजून सुचलेलं नाही.

नवऱ्याला कोणी काहीच विचारलं नाही. वॉचमननं तेवढं गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

पुढे तपासणीत काही निघालं नाही. 'तुमची चूक नव्हती' असं सांगायला मात्र कोणी फिरकलं नाही. घरी आल्यावर लेकीनं विचारलं, "आई, बाळ कुठं गेलं?" या सगळ्यात बाळाबद्दल विचारणारी ती पहिलीच. तिला जवळ घेतलं आणि मग कुठे मला रडायला सवड मिळाली.

दीड वर्षानं पुन्हा पाळी चुकली. आनंद व्हायला हवा होता. मी आधी कपाटातल्या डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा फेकून दिल्या.