तेल लावून धबधब्याकडे

आमच्या घरात मी कमी बोलणारी म्हणून प्रसिद्ध आहे. बाबा नोकरीसाठी देवासला कारखान्यात आले, त्यामुळे घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषा मला आयत्याच मिळाल्या. बाबा पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, "तिन्ही भाषांत गप्प बसता येतं तिला." पाहुणे हसतात. मीही हसते, कारण यावर काय बोलायला हवं होतं ते मला दुसऱ्या दिवशी सुचतं.

हे उशिरा सुचलेलं सगळं कुठेतरी ठेवायला हवं म्हणून मी इंटरनेटवर एक पेज सुरू केलं. त्याचं नाव मी इथेही सांगणार नाही. रस्त्यावरच्या पाट्या, जुन्या सामानाच्या जाहिराती, नकाशावर लोकांनी लिहिलेले अभिप्राय, असं काही गमतीचं सापडलं की मी त्यावर दोन ओळी लिहून टाकते. ‘सायकल बेचना है, एक बार चलाई है, कारण मिलने पर बताएँगे’ ही जाहिरात मला देवासच्या एका किराणा दुकानाच्या शटरवर मिळाली. एका तलावाला कुणीतरी पाचपैकी तीन तारे दिले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘पानी गीला है, बाकी ठीक.’ पेजवर मी हिंदीत लिहिते, आणि तेही पान खाऊन ओट्यावर बसलेल्या पन्नाशीच्या माणसासारखं. का कोण जाणे, त्या माणसाला सगळं वेळेवर सुचतं.

त्या माणसाचा सर्वांत मोठा चाहता म्हणजे धारचा माझा मामा. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर माझी पोस्ट मामाकडून येते आणि वर त्याची दाद असते, ‘वा भिया!’ इंदूरकडे भय्याला भिया म्हणतात. एकदा तो मला म्हणाला होता, "हा माणूस इंदूरचा आहे, लिहून घे. रिटायरमेंटला आलाय. बायको बोलू देत नसेल, म्हणून इथे बोलतो." मी मान हलवली. अर्धं तरी बरोबर होतं.

घरी कळलं तर काय होईल ते मला नीट ठाऊक होतं. प्रत्येक पोस्टखाली आई ‘जेवलीस का?’ विचारणार. बाबा शुद्धलेखन तपासणार. आणि पुढच्या लग्नात कुणीतरी मला मधोमध उभं करून म्हणणार, "हं, आता काहीतरी विनोदी बोल." माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत लोक थांबतात अशी ती एकच जागा होती. ती मला घरच्यांच्या हाती द्यायची नव्हती.

गेल्या दिवाळीत आईबाबा भाऊबीजेला येणार होते आणि मी आधीच धारला पोचले होते. मी चपला काढतेय तोवर मामाने जाहीर केलं, "उद्याची अंघोळ धबधब्यावर! सगळे सायकलने जायचं. तेल घरी लावायचं, उटणं सोबत घ्यायचं, आणि सूर्य उगवायच्या आत तिथे अभ्यंगस्नान."

"कुठला धबधबा?" मी विचारलं.

मामाने फोन पुढे केला. स्क्रीनवर माझीच पोस्ट होती.

त्याच्या आदल्या महिन्यात मी आणि मामा त्याच्या गाडीतून तिरल्याला एका बारशाला गेलो होतो. वाटेत रस्त्याकडेला पाण्याच्या मोठ्या पाइपाचा व्हॉल्व्ह फुटला होता आणि पाणी माणसाच्या उंचीएवढं उडत होतं. गावातल्या पोरांनी शेजारी पुठ्ठ्याची पाटी लावली होती, ‘तिरला रोड वॉटरफॉल, प्रवेश नि:शुल्क’. एवढ्यावर न थांबता त्यांनी ते ठिकाण नकाशावरही टाकलं होतं. तिथे एकाने लिहिलं होतं, ‘मेरी भैंस को बहुत पसंद आया, पाँच स्टार.’ गाडीच्या खिडकीतून मी फोटो काढला होता आणि वर लिहिलं होतं, ‘घर-परिवार समेत पधारो भिया. साबुन-तौलिया घर से लाना, पानी सरकार का है.’ फोटोत पाइप आला नव्हता, नुसतंच उसळणारं पाणी आणि पाटी दिसत होती. मामा तेव्हा गाडी चालवत होता आणि बारशाला जेवायला काय असेल यावर बोलत होता.

"मामा, तिथे नक्की पाणी असेल ना?" मी म्हणाले. एवढं बोलायलाही मला बराच दम लागला.

"अगं, फोटो आहे ना! आणि हा भिया खोटं लिहीत नाही."

मामाची मोठी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती फोटो बोटांनी मोठा करून पाहत होती. "बाबा, ह्या कोपऱ्यात आरसा दिसतोय गाडीचा. त्याला आपल्यासारखी लाल फीत बांधलीय."

"अशा फिती अर्ध्या धारच्या गाड्यांना आहेत," मामा म्हणाला. तिने फोटो लहान केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता, तरी मी बराच वेळ प्यायले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामीने आम्हाला एकेक करून पाटावर बसवलं आणि तेल चोपडलं. मामाने हाफपँट आणि बनियन घातला होता. डोक्यापासून पायापर्यंत तो तळून काढल्यासारखा चमकत होता. त्या दिवशी अंघोळीआधी पायाने कारीट फोडायची रीत आहे, पण धारला कारीट मिळत नाही. म्हणून मामाने सायकलींच्या चाकांखाली लिंबं ठेवली. "नरकासुरही मेला आणि सायकलचीही पूजा झाली. एका लिंबात दोन कामं."

"अहो, शेजारचे बघतायत," मामी म्हणाली. "निदान शाल तरी घ्या."

"शालीला तेल लागेल."

रांगोळी आणि देवपूजा उरकून ती मागून स्कूटीवर कपडे, टॉवेल आणि पोहे घेऊन येणार होती. निघताना तिने मला बाजूला घेतलं. "काही झालं तर फोन कर हं. तुझ्या मामाला भूगोल कळत नाही."

आम्ही चौघं निघालो. पुढे मामा, त्याच्या मागे मोठी, मग सहा वर्षांचा धाकटा त्याच्या छोट्या सायकलवर, आणि शेवटी मी. मला मामीची सायकल मिळाली होती. तिच्या कॅरियरवर उटण्याचा डबा बांधलेला होता आणि प्रत्येक खड्ड्यात तो वाजत होता. गावाबाहेर पडलो तशी थंडी अंगाला झोंबली. एक ट्रॅक्टर आमच्या बाजूने गेला आणि त्याने उडवलेली सगळी धूळ आमच्या तेलावर बसली. तेल लावलेल्या माणसावर धूळ बसते ती नुसती बसत नाही, राहायला येते. मामा मागे वळून ओरडला, "मजा येतेय ना?" त्याचे फक्त दात पांढरे दिसत होते.

धाकटा मात्र गंभीर होता. आदल्या संध्याकाळी मामीने त्याला सांगितलं होतं की आज सूर्य उगवायच्या आत अंघोळ केली नाही तर माणूस नरकात जातो. तो पॅडल मारता मारता दर थोड्या वेळाने पूर्वेकडे बघत होता, आणि त्यामुळे सायकल पूर्वेकडे जात होती.

"ताई, नरकात शाळा असते?"

"माहीत नाही रे."

"असेल," तो म्हणाला आणि जोरात पॅडल मारू लागला.

पुठ्ठ्याची पाटी लांबूनच दिसली. मामाने घंटी वाजवली. आम्ही सायकली उभ्या केल्या आणि पाटीसमोर ओळीत उभे राहिलो. पाटी होती, पाइप होता, आणि व्हॉल्व्ह कुणीतरी दुरुस्त करून त्याला नवा निळा रंगही दिला होता. खालची जमीन कोरडी होती. तिथे एक कुत्रं झोपलं होतं. त्याने एक डोळा उघडून आम्हाला पाहिलं आणि परत मिटला.

"हा धबधबा आहे?" मोठीने विचारलं.

मामा पाइपाभोवती एक चक्कर मारून आला. "बंद आहे," तो म्हणाला, जणू दुकानच बंद असावं. मग त्याचा चेहरा बदलला. बनियनच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला फोन त्याने काढला. "त्या भियाला आता सोडत नाही. चांगला झाडतो त्याला." तेलकट बोटांनी स्क्रीन चालेना, तेव्हा त्याने फोनचा माइक दाबला आणि मोठ्याने सांगू लागला, "भिया, आपके भरोसे हम बच्चों को लेकर आए हैं! यहाँ झरना तो छोड़ो, एक बूँद नहीं है!"

माझ्या खिशात टिंग वाजलं.

"पूरा परिवार तेल लगाकर खड़ा है!"

टिंग.

"शरम आनी चाहिए आपको इस उमर में!"

टिंग. मी खिशात हात घालून फोन दाबून धरला, जणू त्याचं तोंडच दाबत होते. हात तेलाचे होते. आवाज बंद करायचं बटण काही सापडेना.

"बाबा," मोठी शांतपणे म्हणाली, "तुम्ही पाठवलं की ताईच्या खिशात वाजतंय."

मला वाटलं, संपलं. आईचा ‘जेवलीस का?’ मला स्पष्ट दिसायला लागला.

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि तो एवढा हसला की कुत्रं उठून निघून गेलं. "ही? अगं, हिला रिक्षावाल्याला ‘इथे थांबा’ म्हणता येत नाही! पुढच्या चौकात उतरते आणि चालत मागे येते. ही कुठली पेज चालवतेय? तिच्या आईचे मेसेज असतील."

मी वाचले होते. मला हायसं वाटायला हवं होतं, आणि एक क्षण वाटलंही. पण मग कानामागून काहीतरी गरम वर आलं. रिक्षाची गोष्ट खरी होती, तेच जास्त लागलं.

एवढ्यात धाकट्याने भोकाड पसरलं. पूर्वेकडे आभाळ तांबूस झालं होतं. "मी नरकात जाणार! तुम्ही मोठे आहात, तुम्हाला चालेल, माझी तर अजून पहिलीच चालू आहे!"

रस्त्यापलीकडच्या शेतात पंप सुरू झाल्याचा आवाज आला. गव्हाच्या वाफ्यांना पाणी सोडलं होतं आणि एका जाड नळीतून पाण्याचा मनगटाएवढा झोत पडत होता. शेजारी एक बाई फावडं घेऊन बांध नीट करत होती.

"मामा, तिला विचार ना," मी म्हणाले.

"मी? असा?" मामाने स्वतःकडे पाहिलं. तेल, धूळ, बनियन, हाफपँट. "बाई माणूस आहे. ओरडेल ती. मामी येऊ दे."

"तोवर सूर्य येईल!" धाकटा किंचाळला.

मी रस्ता ओलांडला. कसा ते माहीत नाही. बांधापाशी पोचले तेव्हा त्या बाईने फावडं थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला नेहमीसारखं काहीच सुचलं नाही. पण ओट्यावर बसलेल्या त्या पन्नाशीच्या माणसाला सुचलं.

"काकीजी, राम-राम," मी म्हणाले, आणि आवाज चांगला मोठा निघाला. "पूरा खानदान तेल में डुबोकर लाई हूँ, बस पानी लाना भूल गए. वो जो बनियान में चमक रहे हैं, मेरे मामा हैं, उनको इंटरनेट पे झरना मिला था. थोड़ा पानी दे दो, नहीं तो सबको कढ़ाई में ही छोड़ना पड़ेगा."

 बाई फावड्यावर रेलून हसायला लागली. "यो पाइप को झरनो? दुई परिवार तो कालज वापस गया!" म्हणजे कालच दोन कुटुंबं अशीच परत गेली होती. तिने हात हलवून सगळ्यांना बोलावलं आणि नळी उचलून वर धरली.

पाणी कोमट होतं. फोन बांधावर ठेवून आम्ही कपड्यांनिशीच त्याखाली उभे राहिलो. मी डबा उघडला आणि मुलांना उटणं चोळलं. धाकटा डोळे घट्ट मिटून विचारत होता, "सूर्य आला? ताई, आला?" सूर्य आला होता, चांगला बोटभर वर.  बाईने एकदा मागे वळून पाहिलं आणि ठाम सांगितलं, "अबी तो बबूल का पाछे हे. बबूल का उप्पर आवे तब गिनाय." म्हणजे बाभळीवर चढेपर्यंत सूर्य मोजायचा नाही. धाकट्याने सुटकेचा एवढा मोठा श्वास घेतला की नाकात पाणी गेलं.

 मामा मात्र पाण्याखाली उभा राहून माझ्याकडे बघत होता. पेजवरची पोस्ट नव्हे, मलाच पहिल्यांदा वाचत असल्यासारखा. मोठी त्याच्या शेजारी उभी होती आणि आधी मला, मग त्याला बघून मिटल्या ओठांनी हसत होती.

मामी आली तेव्हा आम्ही बांधावर ओळीने वाळत बसलो होतो. तिने सगळ्यांना पाहिलं, पाइप पाहिला, आणि एकच वाक्य म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, भूगोल?" मग आम्ही कोरडे कपडे घातले, फोन परत खिशात ठेवले आणि तिने तिथेच निरांजन लावून आम्हा सगळ्यांना ओवाळलं, नळीवालीलाही, आणि पोह्यांचा डबा, शेव आणि जिरावणाच्या मसाल्याची पुडी उघडली. बाईने नको नको म्हणत आधी घेतले.

मामाने हात टॉवेलला पुसले आणि फोन काढला. या वेळी तो माइकमध्ये बोलला नाही. चष्मा कपाळावर चढवून त्याने एकेक अक्षर शोधत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

माझ्या खिशात टिंग वाजलं.

मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो पोह्यांच्या वासाने परत आलेल्या कुत्र्याकडे मन लावून बघत होता. मी फोन काढला. पेजवर त्याचा संदेश आला होता, या वेळी मराठीत. ‘भिया, राग मानू नका. घरी कुणाला सांगणार नाही. पोह्यांवर जिरावण किती टाकू?’

मोठीने माझ्या खांद्यावरून डोकावून वाचलं. मी उत्तर लिहायला अंगठा उचलला. मग फोन परत खिशात ठेवला.

"जास्त टाक, मामा," मी मोठ्याने म्हणाले. "आणि शेवेत कंजुषी करू नकोस."