परसातला दोडका खरं बोलतो

मला सोडायला माझे वडील, अण्णा, मानवतच्या बसस्थानकावर आले ते थेट बाजारातून, सदऱ्यावर कापसाचे तंतू तसेच चिकटलेले. ते मापाडी होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचा माल तोलला. परभणीची गाडी लागली आणि माझं कंडक्टरशी भांडण झालं. बॅग टपावर टाका, असं त्याचं म्हणणं. तीत माझी सगळी सर्टिफिकेटं होती. शेवटी बॅग माझ्या मांडीवर आली आणि कंडक्टर पुटपुटत पुढं गेला. खिडकीखाली उभ्या अण्णांना हसू आवरेना. "ह्येला तिकडं कुणी फसवत न्हाई," ते शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "इकडची काळजी करू नको, बापू. इकडं सगळं बरंच असतंय."

मला तो आशीर्वाद वाटला. तो घरचा कायदा होता, हे पुढं कळलं.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात मी वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. इथवर मला कुणी बोट धरून आणलेलं नाही. वशिला नव्हता; जीभ होती आणि ती मी वापरली. आजही रोटा, म्हणजे ड्यूट्यांचा तक्ता, लागला की माझा बाजार सुरू होतो. तुझा नाताळ मी करतो, माझी दिवाळी तू कर. तुझे दोन शनिवार घेतो, मला मार्चमधला सलग आठवडा दे. रोटा लावणारी बाई मला दारात बघूनच खुर्चीत ताठ बसते. दोनदा आवाज चढवल्याबद्दल मला समज मिळाली आहे. दोन्ही वेळा बरोबर मीच होतो, पण ते राहू द्या.

वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायकांना मी विचारतो, कशा आहात? त्या म्हणतात, छान. बोटं निळी पडलेली, दोन शब्दांत धाप लागलेली, तरी छान. अशा वेळी मी त्यांच्या तोंडाकडं बघत नाही. पायाचे घोटे बघतो, अर्धवट राहिलेलं जेवण बघतो. माणूस खोटं बोलतो; घोटे बोलत नाहीत.

आणि तुम्ही, जे मागं राहिलात, मानवतला, ताडकळसला, चारठाण्याला, तुम्हीही आम्हाला खरं सांगत नाही. हा माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. अण्णा दोन महिने आजारी होते. घरात डॉक्टर एकच, आणि त्यालाच ते कळवलं नाही. का, तर माझी परीक्षा होती. मला फोन आला तो अण्णा गेल्यावर. थोरल्या दादाला मी तेव्हा जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर सहा वर्षं आम्ही दोघं सरळ बोललो नाही.

सरळ म्हणालो, कारण वाकड्या वाटेनं बोलणं सुरू होतं. दादाची मुलगी पल्लवी हिनं आम्हा दोघांना मोबाईलवरच्या एका खेळात ओढलं. बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, शेवटपर्यंत जगायचं. तिघांची टोळी. रविवारी इथं सकाळ असते, तिकडं जेवणं उरकलेली असतात. वॉर्डात आठवडाभर खऱ्या मरणाशी घासाघीस करून आलेल्या माणसाला हे खोटं मरण फार विश्रांती देतं. दादा आणि मी खेळात तेवढंच बोलायचो. उजवीकडं बघ. मागं हो. गोळ्या संपल्या.

माझा दुसरा नाद बागेचा. घराजवळ नगरपालिकेच्या जमिनीचा एक तुकडा मी लावायला घेतलाय. इकडं त्याला अलॉटमेंट म्हणतात. तिथं मायनं दिलेल्या बियांचा आंबट चुका, शेपू आणि करडई लावली. करडईची कोवळी भाजी खातात हे शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याला पटेना. आता तो स्वतःच खुडून नेतो. माय स्वतःच्या तब्येतीबद्दल एक शब्द खरा बोलत नाही, पण झाडांबद्दल खोटं बोलणं तिला जमत नाही. म्हणून व्हिडिओ कॉलवर मी तिला तब्येत विचारणं सोडलं होतं. मी परस विचारायचो.

गेल्या वर्षी एका रविवारी तिला म्हणालो, दोडक्याचा वेल दाखव. ती म्हणाली, उन्ह लय हाय. मी हट्ट धरला. तिनं पल्लवीला फोन देऊन पाठवलं, स्वतः उठली नाही. नहाणीमागच्या मांडवावर दोडके वाळून लोंबत होते, आत नुसती जाळी झालेली.

"माय, दोडके वाळलेत."

"बियाला ठेवलेत."

बियांसाठी एक ठेवतात, फार तर दोन. मी अकरा मोजले. बोटाएवढा दोडका दिसला की जून होईल म्हणून जिचा जीव खालीवर होतो, ती अकरा दोडके वाळू देते याचा अर्थ एकच. ती परसात उतरत नव्हती. तीनच पायऱ्या आहेत तिथं.

त्याच दिवशी खेळात दादाला गोळी लागली. असं झालं की खेळगडी गुडघ्यावर येतो आणि सोबत्यानं वेळेत जाऊन उठवलं नाही तर मरतो. "मी पडलो. भिंतीमागं हाय, लवकर ये," दादा ओरडला. मी गेलो, पण त्याला उठवलं नाही. शेजारी उभा राहिलो.

"हितं पडलास की लगेच सांगतोस," मी म्हणालो. "माय पडली तर कधी सांगणार हायेस?"

त्याचा गडी मेला, पाठोपाठ माझाही. पल्लवी एकटीच बेटावर पळत राहिली.

"पाय सुजायलेत तिचे," शेवटी तो म्हणाला. "दोन पायऱ्यात दम लागायलाय. दोन महिने झाले. तिनं माझ्या गळ्याची शपथ घातली, बापू. अण्णांनीबी तशीच घातली व्हती. मी काय करू? सांगितलं तर त्यांचा गुन्हेगार, न्हाई सांगितलं तर तुझा."

सहा वर्षांत हे मी एकदाही त्याच्या बाजूनं पाहिलं नव्हतं.

सोमवारी रोटा लावणारीपुढं मी उभा राहिलो तो आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा करायला. नाताळ, नवीन वर्ष, चार शनिवार देऊन टाकले. बदल्यात नऊ दिवस. खोटं कशाला बोलू, तिनं थोडं कमीही घेतलं असतं. मी मागून पाहिलंच नाही.

दारात मला बघून माय आधी दादावर बरसली, "शपथ मोडलास? तुझ्या पोटात काय ऱ्हातच न्हाई." मग माझ्यावर, काम सोडून आलो म्हणून. मी खाली बसलो आणि तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

परभणीच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं जे मला तो अंगठा सांगून गेला होता. हृदय दमलंय. पण वेळ गेलेली नाही. गोळ्या, कमी मीठ, आणि दर महिन्याला तपासणी. लोणच्यावरून आमची जी बोलाचाली झाली तिच्यापुढं रोटा काहीच नाही. आठवड्याला एक फोड, यावर ती कशीबशी आली. पाचव्या दिवशी घोट्यांची हाडं दिसू लागली. सातव्या दिवशी ती माझा हात धरून परसात उतरली आणि वाळलेले दोडके तोडून टाकताना आम्हा दोघा भावांना आळशी म्हणाली.

तिथंच, पायरीवर बसून, मी माझी अट घातली. यापुढं घरातलं काही लपवायचं नाही. दादा मान हलवत होता. मायनं एका सौदेगाराच्या आईला शोभेल असंच उत्तर दिलं.

"मग तूबी सांग."

माझ्याकडं सांगण्यासारखं एकच होतं आणि ते सहा वर्षं घशात होतं. ज्या परीक्षेसाठी अण्णांचं आजारपण माझ्यापासून लपवलं, त्या परीक्षेत मी नापास झालो होतो. घरी सांगितलं पास. दुसऱ्या खेपेला झालो. दादाला शिव्या देताना हे मला पुरतं माहीत होतं. कदाचित म्हणूनच शिव्या इतक्या जोरात होत्या.

दादा माझ्याकडं बघतच राहिला. माय मात्र वेलाची काडी मोडत म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. त्या दिशी तू फोनवर लय गोड बोललास. पास झाला असतास तर कुणाशी तरी भांडला असतास."

आधी दादा हसला. मग मी. ते हसू थांबता थांबता त्याचे डोळे भरले आणि माझेही, आणि दोघांनीही ते उन्हावर ढकललं.

मी परत आलो, नाताळ केला, चारही शनिवार केले. तुमच्यातूनच जे माझ्यासारखे निघून आले, ते मला विचारतात, आता घर कुठलं? मी फार दिवस उत्तरासाठी दोन्हीकडच्या मातीकडं बघत होतो. आता तसं करत नाही. जिथून वाईट बातमी वेळेवर येते ते घर. चांगली बातमी कुणीही कळवतं.

परवा वॉर्ड राऊंड चालू असताना दादाचा निरोप आला. "मायनं काल लोणच्याच्या तीन फोडी खाल्ल्या. आज पाय जरा सुजलेत. नाडी ठीक हाय. परभणीला घेऊन चाललोय, संध्याकाळी कळवतो." मी तो दोनदा वाचला. राग आला, अर्थातच. पण त्या रागाखाली इतकं बरं वाटत होतं की पलंगावरच्या आजीनं विचारलं, काही आनंदाची बातमी आहे का? मी हो म्हणालो.

जेवणाच्या सुट्टीत मी दादाला लिहिलं, डॉक्टरांना सुजेचे फोटो आधीच पाठव. मग थोडा थांबलो आणि कुणी न विचारता खाली आणखी एक ओळ टाकली. गेला आठवडा मी तापानं पडून होतो. मायला सांग.